टिकली हिरवीच होती

गेली सहा वर्षं तुम्ही पाकिटावरची जी टिकली बघून पदार्थ तोंडात घालता, ती माझ्या नाकाने ठरवलेली आहे. पनीर, श्रीखंड, ओल्या नारळाची चटणी, इडलीचं पीठ, सुरळीची वडी, सगळं. हे मी फुशारकी म्हणून सांगत नाही, फुशारकीचे दिवस संपले. ही कबुली आहे. आणि ज्याच्यामुळे ती द्यावी लागते आहे त्याला मी अकरा वर्षं भाऊबीजेला ओवाळलं आहे, तेव्हा मधूनच आवाज चढला तर समजून घ्या.

आधी टिकली म्हणजे काय ते सांगते. रोज बघूनही ती फारशी कुणाला कळलेली नाही. तशा त्याआधीच्या तारखाही कळलेल्या नव्हत्या म्हणा.

पूर्वी पाकिटावर तारीख छापलेली असायची, आठवत असेल. ती दोन प्रकारची. एक म्हणजे 'या तारखेपूर्वी उत्तम'. तिचा अर्थ एवढाच की तोपर्यंत बिस्किट कुरकुरीत राहील, नंतर जरा मऊ पडेल. खाल्लं म्हणून काही बिघडत नाही. दुसरी 'या तारखेपर्यंतच वापरा'. ती दुधाच्या, मांसाच्या, लवकर नासणाऱ्या पदार्थांवर, आणि ती खरी धमकी. त्या दिवसानंतर पदार्थ दिसायला छान असला तरी आत जंतू वाढलेले असू शकतात. मी महिला मंडळांमधून हे समजावत फिरायचे. बायका माना डोलवायच्या, आणि घरी जाऊन तारीख उलटलेली बिस्किटं कचऱ्यात टाकायच्या, नि तारीख उलटलेलं पनीर मात्र "एवढं महागाचं टाकायचं कसं?" म्हणून भाजीत ढकलायच्या. अगदी उलटं. मी कपाळावर हात मारून घ्यायचे.

शिवाय छापलेली तारीख म्हणजे शेवटी अंदाज. माल थंड, कोरड्या जागी राहील असं धरून केलेला. तापमान साधारण दहा अंशांनी वाढलं की नासण्याचा वेग दुपटीच्या घरात जातो. मे महिन्यात अकोल्याजवळ पंक्चर होऊन तीन तास उन्हात उभ्या राहिलेल्या टेम्पोतलं श्रीखंड आणि सांगलीतल्या फ्रीजमधलं श्रीखंड, दोघांवर तारीख एकच. तिला काय कळणार बिचारीला?

टिकलीला कळतं. नखाएवढं गोल लेबल, म्हणून लोकांनीच तिला टिकली म्हणायला सुरुवात केली. आत दोन थर. एकात तेलाचे सूक्ष्म थेंब, दुसऱ्यात ते तेल हळूहळू तोडणारं एन्झाइम. माल भरताना यंत्र दोन थरांमधला पडदा फोडतं आणि टिकलीचं घड्याळ सुरू होतं. ऊब जितकी जास्त तितकं एन्झाइम वेगाने काम करतं, तेल तुटून आम्ल तयार होतं, आणि आम्ल वाढेल तसा रंग बदलतो. हिरवा, मग पिवळा, मग लाल. पदार्थाने जेवढं ऊन सोसलं तेवढं तिनेही सोसलेलं असतं. सरकारने छापील तारखा काढून टाकल्या, दोन तारखांचा घोळ एका रंगात मिटला, आणि आम्ही लॅबमध्ये पेढे वाटले.

पण कुठल्या पदार्थाच्या टिकलीत किती एन्झाइम घालायचं, हे ठरवायचं कुणी? जंतू मोजायला यंत्रं आहेत, पण 'आंबट' संपून 'आंबलेलं' कुठे सुरू होतं ते यंत्राला सांगता येत नाही. तिथे माणसाची नाकं लागतात. काही पदार्थांत जंतूंचा धोका यायच्या बराच आधी नाकाला कळतं. अशा पदार्थांची एक यादी झाली आणि त्यांच्यापुरता नाकाचाच कौल धरायचं ठरलं. त्यासाठी आमच्या सांगलीच्या लॅबमध्ये सगळ्या राज्यासाठी बारा जणांचं पॅनेल होतं. रोजचा नमुना झाकण लावलेल्या कागदी कपातून समोर यायचा. झाकण उचलायचं, हुंगायचं, शून्य ते दहामधला आकडा लिहायचा. पाचच्या वर गेला की पदार्थ गेला. मी, शरयू उपासनी, पॅनेलची प्रमुख. नियमांत एक कलम मी हट्टाने घालून घेतलं होतं. कुणाला पडसं असतं, कुणी सकाळी लसणाची चटणी खाऊन येतं, म्हणून मतभेद झाला तर प्रमुखाचा आकडा अंतिम.

चार वर्षांपूर्वी मला ताप आला. साधा, तीन दिवसांचा. चौथ्या दिवशी उठून वरणाला फोडणी दिली. मोहरी तडतडली, हिंग पडला, आणि काहीच आलं नाही. मी डबी नाकाशी धरली. हिंगाची डबी! पांढऱ्या मातीची असती तरी तेवढीच.

डॉक्टर म्हणाले, येईल परत, सहा महिने, वर्ष. ते काही आलं नाही.

हे मी जगात एकाच माणसाला सांगितलं, आणि तो माझा नवरा नव्हता. अच्युतला कसं सांगू? हा माणूस आयुष्यभर कॉलेजात फिजिक्स शिकवत आला, आणि घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला सांगायचा, "आमच्या हिला बंद दारातून कळतं शेजारी काय शिजतंय." आम्ही घरात दोघंच. त्याच्या त्या कौतुकावर माझं निम्मं पोट भरायचं. सांगू उद्या, सांगू परवा, असं करता करता चार वर्षं गेली.

मी सांगितलं पुष्करला. पुष्कर डोईफोडे परभणीहून माझ्या लॅबमध्ये आला तो बी.एस्सी. करून, आणि हुंगायला मी शिकवलं त्याला. एक मोठा श्वास घ्यायचा नाही, लहान लहान तीन घ्यायचे. मला भाऊ नाही, त्याला बहीण नाही, तेव्हा पहिल्याच दिवाळीला मी म्हटलं, ये भाऊबीजेला. तेव्हापासून तो लॅबमध्ये 'मॅडम' आणि बाहेर 'ताई' म्हणायचा, आणि अच्युतला 'दाजी'.

मी सांगितल्यावर तो डोळ्यांत पाणी आणून म्हणाला, "कुणाला सांगू नका, ताई. नाक परत येईपर्यंत मी आहे ना."

नमुने मांडायचं काम त्याचं. माझा कप मांडण्याआधी तो स्वतः हुंगायचा आणि कपाच्या बुडाशी बारीक पेन्सिलीने आकडा लिहायचा. मी कप उचलायचा, जरा कलता करायचा, तीन श्वास घ्यायचे, डोळे मिटायचे, आणि बुडाशी वाचलेला आकडा कागदावर उतरवायचा. अकरा जण माझ्याकडे आदराने बघत असायचे. पहिल्या दिवशी घरी येऊन मी रडले. दहाव्या दिवशी रडू आलं नाही.

आता त्या रविवारचं सांगते.

सकाळी मी सुरळीच्या वडीचं पाकीट फोडलं. अच्युतच्या आवडीची. टिकली हिरवीगार. बशीत चार वड्या काढल्या, वरून कोथिंबीर भुरभुरली आणि त्याच्यापुढे ठेवल्या. माझी त्या दिवशी संकष्टी, म्हणून मी नुसता चहा घेऊन समोर बसले.

त्याने वडी उचलली आणि परत खाली ठेवली.

"शरयू, याला वास येतोय गं."

"टिकली बघ की."

"बघितली. हिरवी आहे. पण वास येतोय. तू घेऊन बघ."

मी बशी उचलली. तीन लहान श्वास घेतले. अगदी शास्त्रशुद्ध. काही नाही. वड्यांवरचा नारळ जरा चिकट दिसला होता खरा, पण फ्रीजमधला ओलावा असेल असं मी माझ्या मनाला सांगितलं.

"ताकातली आहे रे, आंबट असणारच. तुझं नाक म्हातारं झालंय."

तो माझ्याकडे बघत राहिला. जरा जास्तच वेळ बघत राहिला.

"नक्की?"

"नक्की म्हणजे? राज्याचं नाक तुझ्यासमोर बसलंय."

त्याने चारही वड्या खाल्ल्या.

दुपारी उलट्या सुरू झाल्या. संध्याकाळपर्यंत त्याला उभंही राहवेना. मिरजेच्या हॉस्पिटलात नेलं तेव्हा त्याच्या अंगातलं पाणी संपत आलं होतं, त्यात मधुमेह जुना. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी सांगितलं की मूत्रपिंडं काम करत नाहीत, डायलिसिस लावावं लागेल. काचेतून मला तो दिसायचा, नळ्यांमध्ये अडकलेला. मी सारखी एकच गोष्ट मनाशी घोकत होते, टिकली हिरवी होती. कुणीतरी माझ्यावर आरोप केलाय आणि मी उत्तर देतेय, असं.

चौथ्या दिवशी पुष्कर आला, दोन शहाळी घेऊन. माझ्याशेजारी बाकावर बसला.

"दाजींनी टिकली सोलून डब्याला लावली असेल हो, ताई."

ही आपल्याकडची जुनी खोड. पाकिटात पदार्थ ठेवणं आपल्या बायकांना गलिच्छ वाटतं. पाकीट फोडायचं, पदार्थ स्टीलच्या डब्यात काढायचा, आणि टिकली सोलून झाकणाला चिकटवायची. फ्रीजमध्ये झाकण गारेगार होतं, आतला पदार्थ कोमट असतो, आणि टिकली बिचारी झाकणाचं तापमान मोजत हिरवी राहते. माहितीपत्रकावर मी स्वतः ठळक अक्षरांत छापून घेतलं होतं, टिकली सोलू नका. तरी निम्मा महाराष्ट्र सोलतो.

पण मी सोलत नाही. "पाकीट मी फोडलं, पुष्कर. टिकली पाकिटावरच होती."

त्याने स्ट्रॉ खुपसून शहाळं माझ्या हातात दिलं.

"तरी असंच सांगा. वड्यांच्या तक्रारी आल्यात, चाळीसेक असतील. चौकशी समिती बसतेय पुण्याला. डब्यांचं कारण दिलं की मिटेल सगळं."

'तरी असंच सांगा.' हे वाक्य डोक्यात राहिलं. माझा नवरा आत नळ्यांमध्ये, आणि याला उत्तर आधीच तयार होतं. मी शहाळं तसंच बाकावर ठेवलं आणि रिक्षा करून लॅबमध्ये गेले.

प्रत्येक मालाचे राखीव नमुने लॅबच्या शीतकपाटात असतात आणि पॅनेलचे कागद त्याच्याशेजारच्या फायलीत. मी सुरळीच्या वडीची फाइल काढली. सातवा दिवस. अकरा जणांचे आकडे होते सात, आठ, सहा, आठ, सात, सात... एकही पाचच्या खाली नाही. बाराव्या रकान्यात माझ्या अक्षरात दोन. खाली माझी सही आणि शिक्का, 'मतभेद. प्रमुखाचा आकडा ग्राह्य'. पाच दिवसांची टिकली नऊ दिवसांची झाली होती.

अकरा माणसं ओरडून सांगत होती की हे नासलं आहे, आणि मी त्यांच्यावर सही केली होती.

मग मी बाकीच्या फायली काढत सुटले. चार वर्षांत सतरा पदार्थांना माझा आकडा बाकी सगळ्यांच्या खाली होता. दर वेळी टिकलीला दोन-चार दिवस जास्त मिळाले होते. हे कागद माझ्याच कपाटात होते. मी ते कधी उघडून वाचले नव्हते, कारण वाचायची मला भीती वाटत होती. त्या अकरा आकड्यांसमोर माझं सोंग उघडं पडेल, माझ्याचपुढे, अशी भीती.

पुष्कर मागून आला होता. दारात उभा होता.

"सातव्या दिवसाचा खरा आकडा किती होता?" मी विचारलं.

तो खोटं बोलला नाही. "आठ."

"आणि कपाखाली दोन लिहिलंस?"

"पाच दिवसांच्या टिकलीवर माल नागपूरच्या पुढे जात नव्हता. वरून सारखी विचारणा होती. मॅडमना विचारा म्हणाले, काही करता येतंय का. मी म्हटलं, विचारतो."

"मला कधी विचारलंस तू?"

"काय विचारणार होतो, ताई? आठ आणि दोनमधला फरक कळत होता का तुम्हाला?"

याच्या कपाळावर मी कुंकू लावलं होतं. याला साखरभात आवडतो म्हणून दर भाऊबीजेला मी साखरभात केला, वास येत नसताना, लवंगा नुसत्या मोजून घालत.

"तुझे दाजी आत मरायला टेकलेत, पुष्कर."

"मला दाजींचं वाईट वाटतंय. खरंच वाटतंय." त्याचा आवाज फाटला, तेवढं मी त्याच्या पदरात घालते. "पण चार वर्षं तुमचं नाक मी होतो. मी नसतो तर पहिल्याच महिन्यात घरी बसला असतात तुम्ही. एकदा तरी म्हणालात का, पुष्कर, हा आकडा खरा आहे ना? एकदा तरी?"

त्याच्या मुस्कटात द्यावी असं वाटलं. हात उचलला गेला नाही. तो शेवटचं वाक्य खरं बोलला होता, आणि मला त्याचा त्याहून जास्त राग आला.

तो जवळ आला आणि हळू आवाजात बोलू लागला, जसा नमुने मांडताना बोलायचा तसा. समिती प्रमुखाची परीक्षा घेणार होती. दहा कप, वेगवेगळ्या दिवसांचे. नमुने मांडायला लॅबचा माणूस म्हणून तोच असणार होता. "या वेळी आकडे खरे असतील, ताई. शपथ घेतो. प्रमुखाचं नाक शाबूत आहे एवढं दिसलं की दोष डब्यांवर जाईल. तुमचं नाव राहील, माझी नोकरी राहील."

"आणि टिकली?"

"ती... बघू नंतर."

म्हणजे नऊ दिवसांचीच राहील. सतराच्या सतरा तशाच राहतील.

अच्युत अठरा दिवसांनी घरी आला. दहा किलोंनी उतरलेला. डायलिसिस थांबलं होतं, पण मूत्रपिंडं पहिल्यासारखी होणार नाहीत असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. जेवणात मीठ नाही, पाणी मोजून. बाल्कनीतल्या खुर्चीत तो शाल घेऊन बसला होता. समितीची तारीख दोन दिवसांवर आली होती आणि राग माझ्या पोटात मावत नव्हता. मी त्याच्यासमोर बसले आणि भडाभडा सांगून टाकलं. फायली, सतरा पदार्थ, कपाखालचा दोन.

"ज्याला घरातलं मानलं त्याने मला फसवलं, अच्युत. माझ्याच सहीने फसवलं."

तो ऐकत होता. मग म्हणाला, "कपाखालचा आकडा तुला कशाला लागत होता?"

तिथे मी अडखळले. हे सांगितल्याशिवाय ते सांगता येत नव्हतं, आणि मी संतापाच्या भरात तेच विसरले होते.

"मला वास येत नाही," मी म्हटलं. "चार वर्षं झाली."

"माहीत आहे मला."

मी त्याच्याकडे बघितलं.

"त्या दिवाळीला चिवड्याचे शेंगदाणे जळून कोळसा झाले. तू कढईसमोरच उभी होतीस. मला हॉलमध्ये ठसका लागला, तुला पत्ता नाही. आणि एकदा गॅसचं बटण अर्धवट राहिलं होतं. मी येऊन बंद केलं, खिडक्या उघडल्या. तू म्हणालीस, एवढं गार वारं कशाला आत घेतोस?"

"मग बोलला का नाहीस?"

"तू सांगशील म्हणून थांबलो. तुझं ते नाक... मी बोलून ते काढून घेणं बरं वाटत नव्हतं. रोज झोपताना गॅस तेवढा बघून यायचो."

चार वर्षं. मला वाटत होतं मी याच्यापासून लपवते आहे. हा रोज माझ्या मागे उठून गॅस बघून येत होता.

"तुला वास येत होता, मला येत नाही हे माहीत होतं, मग खाल्लंस का रे?" मी ओरडलेच. "का खाल्लंस?"

त्याने शालीचं टोक नीट केलं.

"तू बशी नाकाशी नेलीस ना, तेव्हा मला वाटलं, आता सांगेल. आता नक्की सांगेल. तू म्हणालीस, ताकातली आहे. मी परत विचारलं, नक्की? तू म्हणालीस, नक्की. मग मला वाटलं, आलं असेल नाक परत. बाहेर तू काय सांगतेस ते मी कधी विचारलं नाही. पण मी खातोय त्या बशीबद्दल तू मला खोटं सांगणार नाहीस, एवढं मी धरून चाललो होतो."

आवाज चढवून बोलला असता तर मी भांडले असते.

पुण्यात समितीसमोर तीन जण होते. मध्ये डॉ. नलावडे नावाच्या, जंतुशास्त्रातून निवृत्त झालेल्या बाई. केस पांढरे, चष्मा गळ्यात दोरीने अडकवलेला. पुष्कर ट्रे घेऊन आला. दहा कप, झाकणं लावलेली, झाकणांवर समितीने स्वतः घातलेले सांकेतिक क्रमांक. झाकणं त्यांनी तपासली, मोजली. कपांची बुडं बघायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही, कसं येणार?

"सुरू करा, उपासनी बाई," डॉ. नलावडे म्हणाल्या.

मी पहिला कप उचलला, सवयीने कलता केला. सहा. बारीक, स्वच्छ, पुष्करच्या अक्षरात. मी त्याच्याकडे बघितलं. तो भिंतीशी उभा होता आणि डोळ्यांनी मला धीर देत होता. ओवाळताना पाटावर बसून वर बघायचा ना, अगदी तसा. या वेळी आकडे खरे होते, याबद्दल मला शंका नव्हती. सहा म्हणायचं, पुढचा कप घ्यायचा. दहा मिनिटांत मी पुन्हा राज्याचं नाक. अच्युतच्या आजारपणाचा दोष कुठल्या तरी डब्याच्या झाकणावर.

सहा माझ्या जिभेवर आला होता. हेही सांगून टाकते, कारण लोक म्हणतात मी धाडस केलं. मला मोह झाला होता, आणि चांगला सणसणीत झाला होता.

मी झाकण न काढता तो कप ट्रेमध्येच पालथा ठेवला. मग दुसरा. मग तिसरा. दहाही कप पालथे घातले आणि ट्रे बाईंकडे सरकवला.

"हे वाचा," मी म्हटलं. "सहा, तीन, आठ, एक... चार वर्षं मी असंच वाचलं. मला वास येत नाही. कशाचाच."

डॉ. नलावडेंनी चष्मा लावला. एक एक कप वाचला. मग आठ लिहिलेला कप सुलटा केला, झाकण उघडलं आणि त्यांनीच तोंड फिरवलं. शेजारच्या गृहस्थांनी रुमाल काढला. बाईंनी तो कप माझ्या नाकाशी धरला.

"हे? याचंही काही नाही?"

"नाही."

पुष्कर भिंतीजवळून "ताई" म्हणाला. एकदाच. मी मागे वळून बघितलं नाही.

पुढचं तुम्ही वाचलंच असेल. सतरा पदार्थांच्या टिकल्या परत बोलावल्या. नाकाच्या जोडीला जंतूंची तपासणी सक्तीची झाली, आणि आता टिकलीच्या खाली पुन्हा त्या दोन्ही तारखा छापतात, 'उत्तम'ची वेगळी आणि 'वापरा'ची वेगळी. लोक पुन्हा त्यांची उलटापालट करतीलच. माझी नोकरी गेली, सरकारने दिलेलं सन्मानपत्र मी स्वतः परत केलं, आणि पेपरवाल्यांनी नाक या शब्दावर जेवढे विनोद करता येतात तेवढे केले. पुष्करवर खटला उभा राहतो आहे. मी साक्षीदारही आहे आणि आरोपीही. यंदाच्या भाऊबीजेला तबक फडताळातून काढलं नाही. त्याचा फोन आला होता, मी उचलला नाही. चांगला दोन वेळा वाजला. मी तबकाच्या फडताळासमोर उभी होते.

घरातल्या डब्यांवर अच्युतने आता कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या आहेत. काय आहे, कधी केलं, कधीपर्यंत खायचं, सगळं त्याच्या मास्तरी अक्षरात. लसणाच्या चटणीवर सुद्धा. तो माझ्याशी नीट बोलतो, हसतो, पेपरातलं वाचून दाखवतो. समितीसमोर काय केलं ते मी सांगितलं तेव्हा म्हणाला, "बरं केलंस." मनापासून म्हणाला.

आज दुपारी मुगाची खिचडी केली, बिनमिठाची. गॅसवरून उतरवून थेट त्याच्या ताटात वाढली, वाफ निघत होती. त्याने ताट उचललं, नाकाशी नेलं आणि तीन लहान श्वास घेतले. मी शिकवायचे तसे. हॉस्पिटलातून आल्यापासून तो माझ्या हातचं प्रत्येक वेळी असं हुंगतो. अठ्ठावीस वर्षांत त्याने असं कधी केलं नव्हतं.

"आत्ता केली आहे रे," मी म्हटलं. "तुझ्यासमोरच केली."

"माहीत आहे," तो म्हणाला. परत एकदा हुंगून त्याने ताट खाली ठेवलं आणि जेवायला लागला. त्याचा पहिला घास पोटात जाईपर्यंत मी माझ्या ताटाला हात लावत नाही.